क्लिनिकल ट्रायल शिकायची कशी: सीमाभागातील संशोधक डॉक्टरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रुग्णसेवा करणाऱ्या ज्या डॉक्टरांना क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचाराची माणसांवर घेतलेली शास्त्रीय चाचणी, स्वतः चालवायला शिकायचे आहे, त्यांनी पहिला धडा आपल्याच जिल्ह्यात झालेल्या एका ट्रायलमधून घ्यावा. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या औषधाचा अभ्यास केला आणि २००६ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. परंतु ते थंड ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला हात लागतो, आणि घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात या दोन्ही गोष्टींची खात्री नसे. नर्सबाईंनी तोंडाने घ्यायचे ६०० मायक्रोग्रॅम औषध दिले तर रक्तस्राव कमी होतो का, हा त्या ट्रायलचा प्रश्न होता. ८१२ स्त्रियांना औषध मिळाले आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव होण्याचे प्रमाण १२.० टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला.

‘लॅन्सेट’मधील तो निबंध पाच-सहा जणांनी एकत्र बसून वाचावा. त्या गटात एखादा स्त्रीरोगतज्ज्ञ, सामुदायिक वैद्यकशास्त्राचा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी, सांख्यिकीचा जाणकार आणि प्रत्यक्ष गावात फिरणारी एक नर्स असावी. नर्सला वगळून घेतलेले ट्रायलचे प्रशिक्षण माझ्या मते अर्धेच असते, कारण कागदावर लिहिलेली प्रत्येक गोष्ट शेवटी तिच्या हातून व्हायची असते. वाचताना निष्कर्षाचा भाग झाकून ठेवावा आणि आधी एकच प्रश्न विचारावा: रक्त मोजले कसे?

या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ट्रायल म्हणजे काय हे निम्मे समजते. बाळंतपणात गेलेले रक्त नुसत्या डोळ्यांनी अंदाजावे, अशीच रीत होती. कपड्यात मुरलेले, जमिनीवर सांडलेले, पाण्यात मिसळलेले रक्त डोळ्यांना नेहमी कमीच वाटते. त्या संशोधकांनी बाळंतिणीच्या खाली अंथरायचे, खाली निमुळत्या पिशवीत उतरणारे आणि त्या पिशवीवर मोजमापाच्या रेघा असलेले एक प्लास्टिकचे आवरण तयार करवून घेतले. मोठ्या शहरातील यंत्रावर विसंबावे लागले नाही. रेघ वाचता येणारी नर्स पुरेशी झाली. पहिली स्त्री दाखल होण्यापूर्वीच त्यांनी मोजण्याचे साधन पक्के केले होते. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. औषध ठरते, रुग्ण ठरतात, थिसिसची सिनॉप्सिस, म्हणजे रूपरेषा, मंजूर होते, आणि परिणाम नेमका कशाने, कोणी, केव्हा मोजायचा हे काम सुरू झाल्यावर ठरवले जाते. प्रशिक्षणाचा सारा भर हा क्रम पालटण्यावर असला पाहिजे.

आकडे हाताने करून पाहणे

संगणक उघडण्यापूर्वी वही उघडावी. वरच्या ट्रायलमधील १२.० आणि ६.४ हे दोन आकडे घ्यावेत. ६.४ ला १२.० ने भागले की ०.५३ येते, म्हणजे औषध घेणाऱ्यांमध्ये अतिरक्तस्रावाचा धोका दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्मा राहिला. आता वजाबाकी करावी: ५.६ टक्के. शंभराला ५.६ ने भागले की सुमारे १८ येतात. म्हणजे अठरा स्त्रियांना औषध दिले की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. जोखमीचे गुणोत्तर, जोखमीतील फरक आणि एकीसाठी किती जणींना औषध द्यावे लागते हा आकडा, या तीन गोष्टी ज्याला वहीवर काढता येतात, त्याला सांख्यिकीची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. ‘आम्ही डॉक्टर, गणित आमचा प्रांत नव्हे’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, तेव्हा मला नेहमी आठवण करून द्यावीशी वाटते की नामवंत संख्याशास्त्रज्ञांपैकी वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापुरात जन्मले, पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुधचे, आणि सी. आर. राव यांचा जन्म कर्नाटकातील हडगलीचा. हे शास्त्र आपल्या अंगणात वाढलेले आहे.

त्याच निबंधातील दुसरा आकडा अधिक शिकवणारा आहे. एक लिटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. गुणोत्तर ०.२०, म्हणजे धोका पाचपट कमी; ऐकायला फारच मोठी गोष्ट. परंतु ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या मर्यादांत असण्याचा संभव आहे तो पल्ला, ०.०४ ते ०.९१ इतका रुंद आहे. असे का, हे टक्क्यांची माणसे केल्यावर कळते: ८०८ चे १.२ टक्के म्हणजे सुमारे दहा स्त्रिया, आणि ८१२ चे ०.२ टक्के म्हणजे सुमारे दोन. दहा विरुद्ध दोन. त्यात दोन-तीन जणी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर चित्र बरेच पालटले असते. ट्रायलमध्ये किती लोक आहेत यापेक्षा ज्या घटनेचे आपण मोजमाप करतो ती किती जणांना घडली, यावर आपल्या उत्तराचा नेमकेपणा अवलंबून असतो, हे या एका उदाहरणावरून कायमचे लक्षात राहते.

आता शेजारी दुसरा निबंध ठेवावा. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यास मुदतपूर्व प्रसूती कमी होते का, हे पाहणारी ट्रायल सहा देशांत झाली. भारतातील तिच्या केंद्रांपैकी एक बेळगाव आणि दुसरे नागपूर. २०२० साली तीही ‘लॅन्सेट’मध्ये आली. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण ॲस्पिरिनच्या गटात ११.६ टक्के आणि प्लासिबोच्या, म्हणजे बिनऔषधाच्या गोळीच्या, गटात १३.१ टक्के होते, गुणोत्तर ०.८९, इंटरव्हल ०.८१ ते ०.९८. या ट्रायलमध्ये ११,९७६ स्त्रिया होत्या. मिसोप्रोस्टॉलच्या प्रश्नाचे उत्तर सोळाशे स्त्रियांत मिळाले आणि ॲस्पिरिनच्या प्रश्नाला बारा हजार लागल्या, याचे कारण फरकाच्या आकारात आहे: एकीकडे साडेपाच टक्क्यांचा फरक, दुसरीकडे दीड टक्क्याचा. लहान फरक ओळखायला मोठी गर्दी लागते.

सॅम्पल साइज ठरवताना

दोन गटांतील प्रमाणांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात किती माणसे हवीत, हे काढण्याची रीत अवघड नाही. दोन्ही गटांतील अपेक्षित प्रमाणे दशांशात लिहावीत, प्रत्येक प्रमाणाला एकातून ते वजा करून आलेल्या संख्येने गुणावे, दोन्ही गुणाकारांची बेरीज करावी, तिला ७.८४ ने गुणावे आणि दोन प्रमाणांतील फरकाच्या वर्गाने भागावे. ७.८४ हा आकडा १.९६ आणि ०.८४ यांच्या बेरजेचा वर्ग आहे. पहिला आकडा पाच टक्के चुकीची मुभा ठेवल्यामुळे येतो आणि दुसरा फरक खरोखर असल्यास तो सापडण्याची ८० टक्के शक्यता हवी म्हणून.

सरावासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यातील गर्भवतींपैकी ५० टक्के स्त्रियांमध्ये सातव्या महिन्यात रक्तक्षय आढळतो आणि लोहाच्या गोळ्या देण्याच्या नव्या पद्धतीने तो ४० टक्क्यांवर येईल अशी आपली अपेक्षा आहे. ०.५० गुणिले ०.५० म्हणजे ०.२५, ०.४० गुणिले ०.६० म्हणजे ०.२४, बेरीज ०.४९. तिला ७.८४ ने गुणून ०.०१ ने भागले की ३८४.२ येतात, म्हणजे प्रत्येक गटात ३८५ स्त्रिया. अपेक्षा कमी करून ५० वरून ४५ टक्के अशी धरली तर तोच हिशेब प्रत्येक गटात १,५६१ वर जातो. फरक निम्मा झाला की माणसे चौपट लागतात. वर्षभरात जेमतेम दोनशे गर्भवती पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आधी हा हिशेब केला तर तो आपला प्रश्न वेळीच बदलेल. न केल्यास दोन वर्षांनी ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असे लिहील, आणि त्या वाक्याला काहीच अर्थ नसेल, कारण फरक असता तरी तो त्याला दिसलाच नसता.

येथे सीमाभागाची एक खास अडचण आहे, तिच्याकडे नवख्या संशोधकाचे हमखास दुर्लक्ष होते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. निपाणीत नोंदवलेली पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात गडहिंग्लजला किंवा चंदगडच्या एखाद्या वाडीला जाते. तिथले राज्य वेगळे, आरोग्य केंद्राचे रजिस्टर वेगळे, आणि तिची बाळंतपणाची नोंद आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय तिने दिलेला फोन नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि नवरा सासरीच राहतो. लग्नानंतर नाव बदलल्यामुळे माहेरच्या दवाखान्यात ती वेगळ्याच नावाने दाखल झालेली असते. म्हणून नाव नोंदवतानाच माहेरचे गाव, तालुका, आई किंवा भावाचा नंबर आणि माहेरचे नाव या चार गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि हिशेबात गळती धरावी. १५ टक्के गळती धरली तर ३८५ ला ०.८५ ने भागून प्रत्येक गटात ४५३ स्त्रिया घ्याव्या लागतील. मात्र संख्या वाढवून गळतीचे सगळे नुकसान भरून निघत नाही. माहेरी जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या स्त्रिया सारख्या नसतात, त्यामुळे पाठपुरावाच घट्ट करणे हा खरा उपाय होय. ट्रायलच्या खर्चात प्रवासासाठी पैसे राखून ठेवावेत आणि सीमेपलीकडच्या आशा कार्यकर्तीशी नोंदणीच्या दिवशीच ओळख करून घ्यावी.

एकेका स्त्रीऐवजी पूर्ण गाव किंवा उपकेंद्र एका गटात टाकायचे असेल तर संख्या आणखी वाढते, कारण एका गावातील माणसे एकमेकांसारखी असतात. प्रत्येक गावातून २० स्त्रिया घेतल्या आणि त्यांच्यातील साम्याचा गुणांक ०.०५ धरला तर १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५ पट स्त्रिया लागतील. ३८५ च्या जागी ७५१. ही वाढ विसरून झालेले गावपातळीवरचे अभ्यास पुष्कळ आढळतात.

वाटप: दयेपासून जपणूक

कोणत्या रुग्णाला कोणते औषध, हे केवळ योगायोगाने ठरले पाहिजे. ओपीडीचा सम-विषम नंबर किंवा एक दिवस हे औषध आणि दुसऱ्या दिवशी ते, याला रँडमायझेशन म्हणता येत नाही. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात येणारा खेड्यातील रुग्ण आणि इतर दिवशी येणारा शहरातील रुग्ण यांच्यात वय, खाणे, अंतर, खिसा असा सगळाच फरक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या रुग्णाला काय मिळणार हे आधी कळता कामा नये. ज्या नर्सला ते कळते, ती वाईट हेतूने नव्हे तर दयेने वागते: अशक्त बाई आली की तिला ‘चांगली’ वाटणारी गोळी मिळावी म्हणून तिची नोंदणी थोडी मागे-पुढे करते. अशा दयेने सबंध ट्रायल वाया जाते. म्हणून यादी संगणकावर तयार करून घ्यावी, ती तयार करणारी व्यक्ती रुग्ण नोंदवणारी नसावी, आणि लिफाफे वापरायचे असतील तर ते उजेडासमोर धरून आतले वाचता येणार नाही इतके जाड, क्रमांक घातलेले व चिकटवलेले असावेत. लिफाफा उघडण्यापूर्वी त्यावर रुग्णाचे नाव, तारीख व वेळ लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

कोणती गोळी कोणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासूनही झाकण्याला ब्लाइंडिंग म्हणतात. ते नेहमी साधतेच असे नाही. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो आणि बाईला आपला गट कळतो. अशा वेळी निदान हिमोग्लोबिन तपासणाऱ्या तंत्रज्ञाला तरी गट कळू देऊ नये.

संमती: दोन भाषांच्या मधली जागा

या भागावर मी प्रशिक्षणातील सर्वांत अधिक वेळ देतो, आणि तो नेहमी अपुरा पडतो. संमतीपत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत लागते, हे सर्वांना माहीत असते. ते इंग्रजीतून भाषांतर करून घेतले, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीकडे दिले, शिक्का मिळाला, की काम झाले असे मानले जाते. परंतु खानापूरच्या पश्चिमेकडील जंगलातल्या वाडीत बोलली जाणारी मराठी पुण्यातल्या भाषांतरकाराच्या मराठीपेक्षा वेगळी आहे, आणि कागदावरील शुद्ध वाक्य तिथे पोहोचतेच असे नाही.

एका कार्यशाळेत आम्ही एक तयार मराठी संमतीपत्रक घेऊन ते गावातून आलेल्या आशा कार्यकर्त्यांना वाचून दाखवले. त्यात वाक्य होते: ‘आपणास यादृच्छिकरीत्या दोहोंपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल.’ वाचून झाल्यावर, यातून काय कळले ते आपल्या शब्दांत सांगा, असे एकीला विचारले. ती म्हणाली, “म्हणजे नोकरी लावणार, दोन जागा हायत.” ‘नियुक्त’ या एका शब्दाने सगळा अर्थ दुसरीकडे गेला होता. त्यानंतर आम्ही सर्वांनी मिळून ते वाक्य पुन्हा लिहिले: ‘तुम्हाला दोनपैकी कोणती गोळी मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, नर्सबाई ठरवत नाहीत आणि तुम्हीही ठरवत नाही. चिठ्ठी उचलावी तसे ते ठरते. दोनपैकी एका गोळीत औषध नाही.’ शेवटचे वाक्य ऐकल्यावर दुसऱ्या एकीने लगेच विचारले, “मग ज्यांच्या वाट्याला बिनऔषधाची येईल, त्यांना काही झालं तर?” हा प्रश्न आला म्हणजे संमतीपत्रक समजले. जोपर्यंत असा प्रश्न येत नाही, तोपर्यंत मजकूर बदलत राहावा.

मजकूर तयार करताना दोन्ही भाषांतील प्रती स्वतंत्रपणे परत इंग्रजीत करून घ्याव्यात आणि मूळ मजकुराशी ताडून पाहाव्यात. सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे. कर्नाटकातील गर्भवतींना मिळणारे ‘तायी कार्ड’ हे त्याचे रोजच्या वापरातील उदाहरण आहे. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई, पण मराठी कानाला ते ‘ताई’ ऐकू येते आणि पुष्कळ बायका त्याला ताईंनी दिलेले, म्हणजे नर्सताईंचे कार्ड समजतात. तेथे काही बिघडत नाही. औषधाच्या मात्रेच्या किंवा दुष्परिणामाच्या वाक्यात मात्र असा घोटाळा झाला तर बिघडते.

ज्या स्त्रीला वाचता येत नाही तिच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण वेळ हजर लागतो, आणि तिचा अंगठा व साक्षीदाराची सही एकाच वेळी घ्यावी लागते. सासूबाईंनी ‘घे सही’ म्हटल्यामुळे मिळालेली सही ही संमती नव्हे. घरातल्या माणसांचा मान ठेवून त्यांच्याशी बोलावे, परंतु पाच मिनिटे तरी त्या स्त्रीशी एकटीने बोलण्याची वेळ काढावी आणि ‘नाही म्हटलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य तिच्या डोळ्यांकडे पाहून म्हणावे. आपल्या लोकांचा डॉक्टरवर विश्वास मोठा आहे. ‘डॉक्टर देतात म्हणजे चांगलंच असणार’ हे मी असंख्य वेळा ऐकले आहे. त्या विश्वासाच्या आड ट्रायलमधील अनिश्चितता लपवली जाऊ नये, ही जबाबदारी संशोधकाची आहे.

परवानग्या

हा भाग शिकायला सोपा आहे, फक्त क्रम चुकू देऊ नये. नव्या औषधांच्या ट्रायलसाठी १९ मार्च २०१९ पासून ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’ लागू आहेत. सर्व जैववैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत. एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य, त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे, निदान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. त्या सामान्य नागरिकाला मराठी व कन्नड दोन्ही येत असतील तर फार उपयोग होतो. सीटीआरआय ही देशाची ट्रायल नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी झालेलीच नोंदणी तेथे स्वीकारली जाते. तिला शुल्क नाही, पण शंका-निरसनाच्या फेऱ्या होतात, म्हणून काही आठवडे हातात ठेवावेत. थिसिससाठी केलेली छोटी ट्रायलही नोंदवावी. नियमांखालील ट्रायलमध्ये रुग्णाला गंभीर इजा झाली, तो दगावला किंवा त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर ती घटना घडल्यापासून २४ तासांच्या आत कळवण्याचे बंधन आहे. या २४ तासांची रंगीत तालीम एकदा घ्यावी: रविवारी रात्री कणकुंबीच्या पावसात नर्सचा फोन लागला नाही तर निरोप कोण कोणाला देणार, हे नावानिशी लिहून ठेवावे.

नोंद आणि विश्लेषण

माहिती भरण्याचे शिक्षण एखाद्या खऱ्या, चुकांनी भरलेल्या तक्त्यावर द्यावे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आणलेल्या एक्सेल फाइलमध्ये हिमोग्लोबिनच्या रकान्यात ११.२ च्या जागी ११२ होते, तीन ठिकाणी ‘ठीक’ असे लिहिले होते, आणि तपासणी न झालेल्या स्त्रियांसमोर शून्य होते. त्या शून्यांनी सरासरी अर्थातच खाली ओढली होती आणि ११२ ने ती जवळजवळ तितकीच वर ढकलली होती. दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे आकडा पाहून कोणालाच शंका आली नव्हती. प्रत्येक रकान्याला शक्य असलेली किमान व कमाल मर्यादा घालावी, न झालेल्या तपासणीसाठी जागा रिकामी ठेवून कारण शेजारी लिहावे, आणि मूळ कागदावरील चूक खोडरबराने पुसू नये. एक रेघ मारून बरोबर आकडा, सही व तारीख घालावी.

तारखांच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो. शेवटच्या पाळीची तारीख विचारली की आपल्याकडील स्त्रिया सणावरून सांगतात: नागपंचमीच्या आधी दोन दिवस, गणपती उठले त्या दिवशी. नोंदी तपासताना मी मागील वर्षाच्या नागपंचमीची तारीख मनात धरून काही नोंदी बरोबर म्हणून पुढे पाठवल्या. २०२२ मध्ये नागपंचमी २ ऑगस्टला होती आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला. एकोणीस दिवसांच्या फरकाने मुदतपूर्व बाळ मुदतीचे ठरते आणि मुदतीचे बाळ मुदतपूर्व. तेव्हापासून प्रत्येक नर्सच्या पिशवीत चालू आणि मागील अशा दोन वर्षांची दिनदर्शिका असते, आणि शक्य तेथे पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीशी तारीख ताडून पाहतो.

विश्लेषणाची योजना माहिती हाती येण्यापूर्वी लिहून, तारीख घालून बंद करावी. मुख्य परिणाम एकच असावा. वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या तर औषध पूर्ण निरुपयोगी असले तरी त्यांपैकी निदान एकीत ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते, आणि नेमकी तीच गोष्ट शीर्षकात जाते. पी व्हॅल्यूचा अर्थ पाठ करून नव्हे, समजून सांगता आला पाहिजे: औषधाचा काहीच परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. औषध उपयोगी असण्याची शक्यता तो सांगत नाही. ज्या गटात रुग्ण चिठ्ठीने गेला, त्याच गटात त्याला शेवटपर्यंत मोजावे, मग त्याने गोळ्या घेतल्या असोत वा माहेरी जाऊन तिथल्या डॉक्टरांच्या सुरू केल्या असोत. गोळ्या नियमित घेणाऱ्यांचीच मोजदाद केली की सुरुवातीला चिठ्ठीने साधलेली बरोबरी मोडते.

साधनांसाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. आर आणि एपी इन्फो ही विश्लेषणाची सॉफ्टवेअर मोफत आहेत. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो करावाच लागतो. तो एकट्याने व्हिडिओ पाहून उरकण्याऐवजी वर सांगितलेल्या गटाने दर आठवड्याला एक धडा घेऊन, त्याच आठवड्यात स्वतःच्या दवाखान्यातील एका प्रश्नावर वापरून पाहावा. सहा महिन्यांत प्रत्येकाकडे स्वतःचा एक प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, तयार होतो, आणि तो सर्वांत आधी गटातल्या नर्सने वाचावा. तिला जिथे ‘हे असं होणार नाही’ असे वाटेल, तिथे खूण करून तो भाग तिच्यासोबत बसून बदलावा.

ट्रायल संपल्यावर निकाल, तो हवा तसा आला नसला तरी, सीटीआरआयवर नोंदवावा आणि एका पानावर मराठीत व कन्नडमध्ये लिहून ज्या अंगणवाड्यांत स्त्रियांना बोलावले होते तिथेच वाचून दाखवावा. प्रत्येकीला तिच्या वाट्याला कोणती गोळी आली होती हे स्वतंत्रपणे, बंद लिफाफ्यात कळवावे. जी माहेरी गेली असेल तिचा लिफाफा सासरी न देता माहेरच्या पत्त्यावर पाठवावा किंवा ती परत आल्यावर तिच्याच हाती द्यावा.